शेवटच्या मुलाच्या चालीनं

त्या कार्डाच्या इतक्या घड्या घातल्या होत्या, की ते कंपासपेटीत कोनमापकाखाली बसत होतं. शाळेनं निधी जमवायला काढलेली पदयात्रा होऊन चार दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत काही येईना. मीच बाहेर गेले. तिनं कंपासपेटी उघडली, कार्ड आणि एक छोटी कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली, म्हणाली, "बाई, हे द्यायचं राहिलं होतं," आणि मी काही बोलायच्या आत जिन्यावरून दिसेनाशी झाली.

कार्डावर तीन रकाने होते, मीच आखलेले. देणाऱ्याचं नाव, नातं, रक्कम. खाली दहा ओळी. पहिल्या ओळीत तिनं स्वतःचंच नाव लिहिलं होतं. नात्याच्या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलं होतं आणि पुढे एकच अक्षर होतं, "मी". रकमेच्या रकान्यात एक लहानसा आकडा. उरलेल्या नऊ ओळी कोऱ्या. पुडीत तेवढ्याच किमतीची नाणी होती. पुडी गणिताच्या वहीच्या पानाची होती आणि तिची टोकं आत खोचून पक्की बसवलेली होती.

पदयात्रेच्या दिवशी ती आली नव्हती. हजेरीपटावर तिच्या नावापुढे "ताप" असं मीच लिहिलं होतं, तिच्या मैत्रिणीनं सांगितलं म्हणून. तिला ताप नव्हता, हे ते कार्ड हातात घेतल्यावर मला कळलं. ती का आली नव्हती, हे कळायला मात्र मला वर्गाबाहेरच्या व्हरांड्यापर्यंत चालत जावं लागलं. तिथे आम्ही एक फलक लावला होता. त्यावर प्रत्येक मुलाचं नाव आणि त्यापुढे त्यानं किती निधी जमवला त्याचा आकडा. रोज सकाळी तो फलक ताजा करायची जबाबदारी दोन हुशार मुलांवर होती. सर्वाधिक निधी जमवणाऱ्या तिघांना बक्षीस जाहीर झालेलं. तीन आठवडे तो फलक तिथे होता आणि तीन आठवडे तिच्या नावापुढे शून्य होतं. आम्ही सगळे रोज त्या फलकासमोरून ये-जा करत होतो.

हे सगळं सुरू झालं होतं ते फार चांगल्या मनानं. शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे. कमजोर पायाला बांधायची आधाराची चौकट म्हणजे कॅलिपर, तसंच वॉकर, व्हीलचेअर, कृत्रिम पाय अशी साधनं ती मुलांना मोफत देते. तिथल्या समन्वयक बाई आमच्या शाळेत एकदा बोलायला आल्या होत्या. त्यांचं एक वाक्य आमच्या मुलांच्या डोक्यात बसलं: "मूल वाढतं, त्याचा पाय वाढतो, पण कॅलिपर वाढत नाही." मोठ्या माणसाला एकदा नीट बसलेलं साधन बरीच वर्षं जातं. मुलाचं तसं नसतं. वर्ष-दीड वर्षात, कधी त्याआधीही, पट्टा काचायला लागतो, सांध्याची जागा गुडघ्याच्या वर-खाली सरकते, कातडी सोलवटते, आणि मूल साधन वापरायचं बंद करतं. म्हणजे एका मुलाला एकदा मदत करून भागत नाही. तेच मूल, नवं माप, परत पहिल्यापासून. देणगी देणाऱ्याला हे समजावणं अवघड जातं, असं त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी दिला होता ना?" असं लोक विचारतात.

ज्यांना चालता येतं त्यांनी, ज्यांना चालायला मदत लागते त्यांच्यासाठी चालायचं, ही कल्पना आठवीच्या मुलांची. मुख्याध्यापिकांनी ती उचलून धरली आणि आयोजनाची सूत्रं माझ्याकडे आली.

मी तयारी म्हणून वाचायला बसले आणि मला एक गोष्ट सापडली. ती इतकी आवडली, की दुसऱ्याच दिवशी परिपाठात मुलांना सांगितली. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली, ३९ व्या वर्षी, पोलिओचं निदान झालं. पुढे १९३८ मध्ये त्यांनी पोलिओविरुद्ध लढणारी एक संस्था सुरू केली. एडी कँटर नावाच्या कलाकारानं रेडिओवरून लोकांना आवाहन केलं, की प्रत्येकानं एक डाइम, म्हणजे १० सेंटचं चिमुकलं नाणं, थेट अध्यक्षांच्या पत्त्यावर पाठवावं. व्हाइट हाउसमध्ये टपालाच्या पोत्यांचा ढीग लागला. पाकिटांतून, पत्रांना चिकटवलेली नाणी निघाली, मोजली तेव्हा ती २६ लाख ८० हजार भरली. त्या मोहिमेला 'मार्च ऑफ डाइम्स' हे नाव पडलं, नाण्यांची कूच. अशा पैशांच्या बळावर संशोधन उभं राहिलं. १९५४ मध्ये १८ लाखांहून अधिक शाळकरी मुलं जोनास साल्क यांच्या लशीच्या चाचणीत सहभागी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. हीच संस्था पुढे बाळांच्या आरोग्यासाठी काम करू लागली आणि १९७० पासून तिनं निधीसाठी लोकांना रस्त्यावर चालायला बोलावलं.

मुलं ऐकताना अगदी गप्प होती. मी शेवटी म्हटलं, "तेव्हा बघा, रक्कम लहान असो की मोठी, प्रत्येकाचा खारीचा वाटा." हे मी सकाळी बोलले आणि दुपारी तो फलक लावून घेतला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या आणि त्या एकमेकींना छेद देतात हे मला दिसलं नाही. मुलांना दिसलं असणार. मुलं आपण काय बोलतो ते ऐकतात आणि आपण भिंतीवर काय लावतो ते वाचतात, आणि दोन्हींत फरक असला तर भिंतीवर विश्वास ठेवतात.

त्या पहिल्या वर्षीचा मार्ग ५ किलोमीटरचा होता. शाळेच्या फाटकापासून निघून मोठ्या रस्त्यानं एका बागेपर्यंत, आणि तिथून बसनं परत. परवानगी घेतली होती, पोलिसांना कळवलं होतं, डॉक्टर सोबत होते, प्रथमोपचाराच्या पेट्या होत्या, पाण्याची सोय दर किलोमीटरला. कागदावर काहीच कमी नव्हतं. कमी पडलं ते एक साधं गणित. ते मी नंतर केलं, आधी करायला हवं होतं. ते इथे मांडते, कारण असा उपक्रम हाती घेणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

३०० मुलं. दोन-दोनच्या जोडीनं चालली तर १५० जोड्या. दोन जोड्यांमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर रांगेची लांबी २२५ मीटर. पाचवी-सहावीचं मूल घोळक्यात चालतं तेव्हा तासाला ३ किलोमीटरच्या आसपास चालतं, म्हणजे मिनिटाला ५० मीटर. याचा अर्थ, रस्त्यावरच्या कोणत्याही एका ठिकाणाहून ही रांग पूर्ण पुढे सरकायला साडेचार मिनिटं लागतात. आणि ही झाली शिस्तीतली रांग. खऱ्या रांगेत मुलं बुटाची नाडी बांधायला थांबतात, मैत्रिणीची वाट बघतात, पुढच्यांना गाठायला पळतात. कोणता सिग्नल साडेचार मिनिटं हिरवा राहतो?

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या चौकात रांग तुटली. पुढची मुलं पुढे गेली, मागची अडकली, अडकलेल्यांना घेऊन आम्ही घाईनं पुढच्यांना गाठायला निघालो. बागेत पोचल्यावर वर्गवार मोजणी केली. सहावीत एक मुलगा कमी.

परत मोजलं. एक कमीच.

त्या अकरा मिनिटांबद्दल मला फार लिहिता येत नाही. पीटीचे सर उलट दिशेनं धावत गेले. मी उरलेल्या मुलांसमोर उभी राहून हसरा चेहरा ठेवायचा प्रयत्न करत होते आणि माझ्या हातातला कागद थरथरत होता. मुलगा सापडला. एका बंद दुकानाच्या पायरीवर बूट काढून बसला होता. पदयात्रेसाठी म्हणून घरच्यांनी हौसेनं नवे बूट घेतले होते. टाचेवर चांगला मोठा फोड आला होता, आणि तो फुटला होता. सरांना बघून तो रडला नाही. त्यानं विचारलं, "सर, आता माझे पैसे मिळणार नाहीत का?" त्याच्या काकांनी किलोमीटरमागे अमुक रक्कम देईन असं कबूल केलं होतं. पाच पूर्ण झाले तर पाचपट. फोड पहिल्याच किलोमीटरला आला होता. तो त्याच पायानं तिसऱ्यापर्यंत चालला होता.

किलोमीटरमागे किंवा फेरीमागे रक्कम ठरवायची ही पद्धत जगभर चालते आणि मोठ्यांसाठी ती ठीक असेलही. लहान मुलाच्या बाबतीत ती पद्धत म्हणजे त्याच्या दुखऱ्या टाचेवर पैसे लावणं आहे, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत झालं आहे. मूल "दुखतंय" म्हणत नाही, कारण थांबलं तर कुणाचा तरी कॅलिपर थांबेल असं त्याला वाटतं. एवढं ओझं दहा वर्षांच्या पोराच्या मनावर टाकायचा आपल्याला काय अधिकार? द्यायचे ते आधीच द्या. मूल एक पाऊल चालो की दहा हजार.

आणि बूट जुनेच घालायचे. रोजच्या वापरातले, पायाच्या सवयीचे, कोरड्या मोज्यांसह. आता आमच्या संमतीपत्रावर हे वाक्य सगळ्यात वर, ठळक अक्षरात असतं. त्याच्या खाली मुलाचा दमा, ॲलर्जी, रोजची औषधं यांचा रकाना. इनहेलर शाळेच्या पेटीत ठेवायचा नाही, मुलाच्या खिशातच हवा.

पहिल्या वर्षी निधी भरपूर जमला. संस्थेला धनादेश दिला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आणि चौथ्या दिवशी ती मुलगी कंपासपेटी घेऊन आली.

तिला मी नंतर गाठलं. ओरडले नाही, विचारपूसही केली नाही. फक्त पावती फाडून दिली, तिच्या नावाची, इतर सर्वांना दिली तशी. तिनं पावती दोन्ही हातांनी धरून वाचली. मग म्हणाली, "बाई, आमच्याकडे मागण्यासारखं कुणी नाही." मी म्हटलं, "अगं, तू दिलेस ना." ती म्हणाली, "हो, पण ते फलकावर किती लहान दिसलं असतं." आणि मग तिनं मला विचारलं, "खारीचा वाटा म्हणजे माझाच ना?"

मी गेली कित्येक वर्षं मराठी शिकवते. हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा वापरला असेन, आणि तो ज्याच्यासाठी वापरतो त्याला तो ऐकताना कसं वाटतं, हा विचार माझ्या मनात त्या दिवसापर्यंत आला नव्हता. मोठ्या दात्याच्या तोंडी तो विनय असतो. दुसऱ्यानं लहान दात्याला उद्देशून म्हटला, की तो मापच होतो. तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा नीट दिलंच नाही. फलक मात्र त्याच संध्याकाळी उतरवला.

दुसऱ्या वर्षीच्या तयारीची बैठक लांबली. मी तीन गोष्टी मांडल्या: फलक नको, बक्षीस नको, कार्ड ज्याला हवं त्यानंच न्यावं. विरोध झाला आणि तो विरोध वाईट मनानं केलेला नव्हता. मुलांना प्रोत्साहन लागतं, स्पर्धा असली की उत्साह येतो, आणि शेवटी पैसे त्या मुलांनाच मिळणार आहेत, मग जास्त मिळाले तर बिघडलं कुठे? हा शेवटचा मुद्दा मला खरोखर अवघड गेला. फलकामुळे एखादा कॅलिपर जास्त मिळत असेल, तर फलक उतरवून मी कुणाचं नुकसान करते आहे? आजही या प्रश्नाचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. मी बैठकीत एवढंच म्हणाले, की एका मुलाच्या पायासाठी दुसऱ्या मुलाची मान खाली घालायला लावणं मला जमणार नाही.

त्या बैठकीत मी टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली. बऱ्याच जणांना ठाऊक होती, पण त्यातला एक भाग ठाऊक नव्हता. हा कॅनडाचा मुलगा. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. रुग्णालयात त्यानं आजूबाजूला कर्करोग झालेले इतर रुग्ण पाहिले, त्यांत लहान मुलंही होती, आणि ते त्याच्या मनातून जाईना. १२ एप्रिल १९८० रोजी त्यानं अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाकडे धावायला निघाला. रोज जवळपास एका मॅरेथॉनइतकं अंतर. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला कर्करोग फुफ्फुसांत पसरल्यानं त्याला थांबावं लागलं आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये, २२ व्या वर्षी, तो गेला. त्याचं मागणं काय होतं? देशातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर. श्रीमंताकडून एक, गरिबाकडूनही एक. आणि त्याच्या नावानं आजही जी धाव होते, तिला प्रवेशशुल्क नाही, किमान देणगीची अट नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. धावा, चाला, व्हीलचेअरवरून या. हे नियम काही पुढच्या लोकांनी सोयीसाठी केलेले नाहीत. त्याला स्वतःलाच यात चढाओढ आणि कुणाची जाहिरात नको होती.

मुख्याध्यापिका थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फलक नको. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय मार्गाचा होता. रस्ता सोडायचा आणि शाळेच्या मैदानावरच गोल फेऱ्या मारायच्या, असं ठरलं. मैदानाची कडेकडेनं मोजलेली फेरी ४०० मीटरची. काहींना हे फिकं वाटलं. रस्त्यावरून घोषणा देत, फलक घेऊन जाण्यात जो दिमाख आहे, तो यात नाही हे खरं. पण गोल मार्गाचं एक मोठेपण आहे. त्यावर कुणी मागे पडत नाही. सरळ रस्त्यावर हळू चालणारा मागे राहतो आणि सगळ्यांना दिसतो. गोलात हळू चालणाऱ्याच्या पुढे कोण आणि मागे कोण हेच कळत नाही. दमलेलं मूल वाटेल तिथे बाजूला होऊ शकतं, पाणी पिऊन परत मिसळू शकतं. डॉक्टर एकाच जागी असतात. आणि मोजणी करायला फाटक एकच.

मैदान ठरल्यावर आणखी एक गोष्ट शक्य झाली. गेल्या वर्षी मी संस्थेकडे मुलांचे फोटो मागितले होते, पोस्टरसाठी. समन्वयक बाईंनी अगदी सौम्यपणे नकार दिला होता. पोस्टरवर एखादा कॅलिपर लावलेला पाय आणि वर बघणारे डोळे असले, की पैसे लवकर जमतात, हे त्यांनाही माहीत होतं. पण तो मुलगा उद्या त्याच रस्त्यावरून शाळेत जाणार आहे, असं त्या म्हणाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या १६ व्या कलमात मुलाच्या खासगीपणाबरोबर त्याच्या प्रतिष्ठेचाही उल्लेख आहे, हे मी त्यानंतर वाचलं. त्यांनी ते कलम मला ऐकवलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "दाखवायला नका बोलावू. चालायला बोलवा." पहिल्या वर्षी मार्गच असा होता, की बोलावणार कुठे? ५ किलोमीटर, चढ, तुटके पदपथ. ज्यांच्यासाठी पदयात्रा, त्यांनाच जिथे चालता येणार नाही, असा रस्ता मी निवडला होता.

दुसऱ्या वर्षी बोलावलं. पाच मुलं येणार असं कळलं. मंचावर कुणाचाही सत्कार नाही, ओळख करून देणं नाही. ती इतरांसारखीच येतील, वर्गांमध्ये मिसळून चालतील. मैदानाच्या एका कोपऱ्यात रेती होती, तिथे वॉकरची चाकं रुतली असती. आठवीच्या मुलांनी आदल्या दिवशी घमेल्यांनी ती रेती उचलली आणि जमीन धुमसून घट्ट केली. त्यातल्या एकानं उधार आणलेला वॉकर घेऊन ती पूर्ण फेरी स्वतः चालून पाहिली आणि येऊन सांगितलं, "बाई, पाण्याच्या टाकीजवळ अजून एक खड्डा आहे. चालताना दिसत नाही. वॉकरनं कळतो."

फेऱ्या मोजायला आम्ही रबरबँड घेतले. प्रत्येक फेरी पूर्ण झाली की टेबलावरून एक रबरबँड मिळणार आणि तो मनगटात अडकवायचा. जास्तीत जास्त बारा फेऱ्या, म्हणजे ४.८ किलोमीटर, त्यापुढे कुणीही चालायचं नाही. किमान किती, ते ठरवलं नव्हतं. एका कंपनीनं छापील टी-शर्ट द्यायची तयारी दाखवली होती, त्यावर तिचं चिन्ह मोठं असणार होतं. आम्ही आभार मानून नको म्हटलं. मुलांनी घरचे जुने कपडे घातले.

रबरबँडच्या टेबलावर कोण बसणार, असं विचारलं तेव्हा जे हात वर झाले त्यात कंपासपेटीवाल्या मुलीचा हात होता. आता ती आठवीत होती. मी तिला निवडलं यात मायेचा भाग होता, नाकारत नाही. पण ती काम चोख करणारी आहे, हेही तितकंच खरं.

सकाळी लवकर सुरुवात केली, उन्हाच्या आत आटपेल अशी. घोटभर-घोटभर पाणी, वारंवार. पहिल्या तीन-चार फेऱ्या मैदानावर नुसता कल्ला होता. काही मुलं धावत सुटली आणि पाचव्या फेरीला मटकन बसली. मग हळूहळू सगळ्यांची चाल एकसारखी होत गेली. मी कडेला उभी राहून बघत होते. चालताना मुलं किती बोलतात! वर्गात वर्षभर एकमेकांशी न बोललेली दोन मुलं गळ्यात हात टाकून जाताना दिसत होती. खांद्याला खांदा लावून, समोर बघत चालताना बोलणं सोपं जात असावं.

पाच पाहुण्यांपैकी दोघं व्हीलचेअरवर होते. त्यांनी बारा फेऱ्या पूर्ण केल्या, ढकलायला कुणाला हातही लावू न देता. एका मुलीनं कॅलिपर लावून चार केल्या, एका मुलानं कृत्रिम पायावर सहा. पाचवा नऊ वर्षांचा असेल, वॉकर घेऊन चालणारा. त्याला एका फेरीला चाळीस मिनिटं लागली. वॉकर पुढे टाकायचा, टेकवायचा, मग पाय ओढून आणायचे, थांबायचं. परत वॉकर पुढे. ४०० मीटर.

२०२० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधले टॉम मूर हे माजी सैनिक, शंभरावा वाढदिवस जवळ आलेला असताना, स्वतःच्या बागेत चाकांच्या चौकटीला धरून चालले होते. २५ मीटरच्या शंभर फेऱ्या. त्यांना आरोग्यसेवेसाठी १,००० पौंड जमवायचे होते, जमले तीन कोटी पौंडांहून जास्त. सगळं अंतर मिळून भरतं अडीच किलोमीटर. ती बातमी वाचली तेव्हा मी कौतुक केलं होतं. पण त्या अंतरात माणसाचं काय-काय खर्ची पडतं, हे मला त्या चाळीस मिनिटांत मैदानावर उभं राहून दिसलं. त्याच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत येऊन थेंब होऊन वॉकरच्या दांड्यावर पडत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

पहिल्यांदा चार मुलं त्याच्या बाजूनं हळू चालायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यातला एक गेल्या वर्षीचा फोडवाला होता, आता सातवीत गेलेला. तो वर्ग सोडून इकडे आला होता. मग आणखी काही आली. पण त्यांनी एक छान केलं, त्याच्याकडे बघत कुणी चाललं नाही. ती आपापसात गप्पा मारत होती, त्यालाही मध्येच काहीतरी विचारत होती, आणि त्याचा वॉकर टेकला की सगळी आपोआप थांबत होती. हळूहळू मैदानाच्या त्या बाजूचा सगळा घोळका त्याच्या चालीनं चालू लागला. पीटीच्या सरांनी शिट्टी तोंडाजवळ नेली होती, घोळका मोकळा करायला. ती त्यांनी वाजवली नाही.

टेबलाशी आल्यावर त्यानं हात पुढे केला. माझ्या त्या मुलीनं त्याच्या मनगटात रबरबँड घातला. टाळ्या वाजवल्या नाहीत, "शाब्बास" म्हटलं नाही. इतर सगळ्यांना विचारत होती तेच विचारलं, "अजून एक?" तो विचार करून म्हणाला, "पुढच्या वर्षी."

दुपारी वर्गात मोजणी. या वर्षी पैसे एकाच मोठ्या पेटीत आले होते, बंद पाकिटांतून. आत चिठ्ठीवर नाव, ते फक्त पावतीसाठी. आमचा नियम असा, की पेटी दोघांनी मिळून उघडायची, एकानं मोजायचं, दुसऱ्यानं परत मोजायचं, तिसऱ्यानं लिहायचं, तिघांच्या सह्या, आणि रक्कम त्याच दिवशी बँकेत. पाणी, केळी, छपाई यांचा खर्च शाळेनं वेगळा केला. जमलेल्या पैशातून एक नाणंही खर्चाला गेलं नाही. हे काटेकोरपणे केलं नाही तर पुढच्या वर्षी पेटीत कुणी हात घालणार नाही, आणि तो दोष त्याचा नसेल.

एकूण रक्कम पहिल्या वर्षीपेक्षा कमी भरली. फार नाही, पण कमी. मी ती फळ्यावर लिहिली आणि क्षणभर पोटात गोळा आला. पाकिटांची संख्या मात्र जवळपास पटाइतकीच होती, गेल्या वर्षी निम्म्याहून थोडी जास्त कार्डं परत आली होती. मुख्याध्यापिकांनी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले. त्यांचं त्यावर काय मत झालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. संस्थेच्या बाई हिशेबाचा कागद वाचून म्हणाल्या, "यातून आठ जणांची मापं घेता येतील," आणि डायरीत आठ नावं लिहायला बसल्या.

नोटांची पुडकी बांधायची वेळ आली तेव्हा रबरबँड संपले होते. पाकीटभर आणले होते, सगळे मैदानावर वाटले गेले. मदतीला थांबलेल्या मुलांनी आपापल्या मनगटांवरून एकेक काढून द्यायला सुरुवात केली. मातकट, घामानं ओले झालेले. कुणाच्या मनगटावर त्यांचे लाल वळ उमटले होते. बघता बघता टेबलावर ढीग झाला आणि ती मुलगी एकेक पुडकं बांधून रांगेत लावू लागली. शेवटच्या पुडक्याला एक कमी पडला.

दाराशी तो वॉकरवाला मुलगा आईची वाट बघत बसला होता. कुणीतरी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मनगटावरचा आपला एकुलता एक रबरबँड दुसऱ्या हातानं झाकून घेतला आणि मान हलवली, नाही.

ती हसली, आपल्या वेणीचा रबर काढला आणि शेवटचं पुडकं बांधलं.